मोजणीला स्टाफ, पगाराला शिकाऊ

जिन्याजवळच्या पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करनं रोज लिहिलेलं असायचं : ‘नाईट – स्टाफ २’. मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलचा दुसरा मजला, एकोणीस खाटा, आणि त्यांतल्या सातव्या खाटेवर आमचे अण्णा, न्यूमोनियानं आठ दिवस पडून. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की गोष्ट त्या एका इमारतीची होते, आणि ही गोष्ट एका इमारतीची नाही.

तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास त्या दोघींतली मुरलेली सिस्टर खाली आयसीयूत गेली. तिथली एक जण आलीच नव्हती. वर उरली दुसरी. तिला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते, हे मला पहाटे कळलं. मधले सात तास तो अख्खा मजला तिच्या अंगावर होता.

बारा वाजता अण्णांचा सलाईनचा हात सुजला. जुनं इंट्राकॅथ काढून नवं घालायला ती आली. दोनदा टोचलं, दोनदा शीर हुकली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या शिरा वरून दोरीसारख्या ठसठशीत दिसतात आणि सुई लागली की बाजूला सरकतात. तिचा हात कापत होता. मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, “पोरी, दमानं घे. हात माझा कुठं पळून जात न्हाई.” तिसऱ्या खेपेला शीर सापडली. तोवर दोन खाटांवरून सलाईन संपल्याची हाक आली होती आणि खिडकीकडच्या म्हाताऱ्या बाईंचे नातेवाईक दारात येऊन उभे होते.

मला राग आला होता. सकाळी तक्रार करायची, असं मी मनाशी ठरवलंही होतं. तो राग चुकीच्या माणसावर होता हे समजायला मला तो फळा पुन्हा एकदा नीट वाचावा लागला. अकरा दिवसांच्या मुलीला फळ्यानं ‘स्टाफ’ म्हणून मोजलं होतं. पहाटे चारला कागदी कपातला चहा घेताना तिनं सांगितलं, की ऑफिसच्या वहीत ती ‘ट्रेनी’ आहे, निदान सहा महिने. हातात साडेनऊ हजार पडतात. मूळ गुणपत्रिका आणि रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट ऑफिसच्या कपाटात, वर्षभराच्या बाँडसोबत.

म्हणजे मोजणीला स्टाफ आणि पगाराला शिकाऊ. नव्या नर्सची अडचण म्हणून भाषणांत आणि परिसंवादांत जे काही सांगितलं जातं, आत्मविश्वासाचा अभाव, संवादकौशल्य, ताणतणाव, ते सगळं खरं असेलही. पण तो फळा आणि ही वही यांच्यातल्या अंतराबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला तर सगळ्याचं मूळ तिथंच दिसतं.

*

हे मिरजेत पाहावं लागावं, याचं वाईट वाटतं. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाची ही वैद्यकीय पंढरी. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला, मिरजेत त्यानं आधी दवाखाना थाटला आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं. १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. परिचारिकांचं शिक्षणही याच मिशननं सुरू केलं. शस्त्रक्रिया करणारा हात एक असतो, पण पुढचे दहा दिवस रुग्णाला जगवणारे हात अनेक लागतात, आणि ते शिकवूनच तयार करावे लागतात, हे या मंडळींना तेव्हा कळलेलं होतं. सांगली आणि मिरजेच्या मधली वानलेसवाडी अजून त्या डॉक्टरचं नाव सांभाळून आहे. पुढं १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. वानलेस हॉस्पिटल मात्र अलीकडच्या काळात आर्थिक ओढगस्तीत सापडलं.

त्या काळात नर्स व्हायला पुढं आलेल्या मुलींमध्ये ख्रिस्ती मुली पुष्कळ होत्या. याला कारण साधं आहे. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, त्याचं मलमूत्र काढणं हे बाकीच्या समाजांना आपल्या लेकीसाठी कमीपणाचं वाटत होतं. आज माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांतल्या मुली, ज्यांच्या घरात आधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नाही अशा, मोठ्या हौसेनं नर्सिंगला जातात, कारण लवकर कमाई सुरू करून देणारं हे शिक्षण आहे. पण तो कमीपणा गेला म्हणावं, तर लग्नाच्या बैठकीत तो पुन्हा बाहेर येतो. “मुलगी नर्स आहे ते चांगलंच आहे हो, पण नाईट नको.” नाईट नसलेली नर्स म्हणजे पाणी नसलेली विहीर, हे त्या पाहुण्यांना कोण सांगणार?

शेजारच्या सातारा जिल्ह्याला तर या कामाचा आणखी एक जुना धागा आहे. सावित्रीबाई फुल्यांचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करताना त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. दर १२ मेला परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात सावित्रीबाईंचा आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा फोटो शेजारी शेजारी ठेवून ‘सेवा’ या शब्दावर भाषणं होतात. मला त्या शब्दाची थोडी भीतीच वाटते. सावित्रीबाईंच्या सेवेचं कुणी बिल फाडत नव्हतं. आणि नाइटिंगेलबाई हातात दिवा घेऊन फिरल्या ते खरं, पण त्यांनी सरकारला हलवलं ते आकड्यांनी. कुठल्या महिन्यात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीनं, याचे तक्ते त्यांनी मांडले. आपण त्यांचा दिवा घेतला आणि वही विसरलो.

*

आता मोजणीच. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना मापदंड आहे : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डला तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, आयसीयूत एकामागे एक. अण्णांच्या मजल्यावर त्या रात्री एकोणिसांमागे एक होती, आणि ती अकरा दिवसांची.

कॉलेजात शिकवलेलं आणि वॉर्डातलं यात इतकं अंतर का, असं लोक विचारतात. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं घालवून आलेली मुलगी काही अडाणी नसते. तिनं प्रोसिजरच्या वह्या भरलेल्या असतात, एकेका रुग्णाचा केअर प्लॅन चार-चार पानं लिहिलेला असतो, पुतळ्यावर आणि मग माणसांवर इंजेक्शनं दिलेली असतात. पण तिनं एका वेळी एक किंवा दोन रुग्ण पाहिलेले असतात, आणि मागं ट्यूटर उभी असते. एकोणीस रुग्णांत आधी कुणाकडं धावायचं, हे वहीत भरता येत नाही. सलाईन संपलेल्याकडं? ओरडणाऱ्याकडं? की अजिबात आवाज न करणाऱ्या, पण श्वास जरा जलद चाललेल्या कोपऱ्यातल्या माणसाकडं? मुरलेली सिस्टर दारातूनच त्या कोपऱ्याकडं वळते. नवी आधी ओरडणाऱ्याकडं जाते. यात तिची चूक नसते. ती नजर फक्त वर्षांनीच येते.

कॉलेजातलं विसर म्हणून तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. “हे कॉलेजात. इथं असं चालत नाही.” हे वाक्य मी अण्णांच्या मजल्यावरही ऐकलं. सुई वापरून झाल्यावर तिला परत टोपण घालायचं नाही, थेट पांढऱ्या डब्यात टाकायची, असं तिला शिकवलेलं असतं. इथं डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतो. मग टोपण घालताना सुई बोटात जाते. रुग्णाला एचआयव्ही असेल तर बचावाचं औषध जितक्या लवकर तितकं बरं, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. कावीळ ‘ब’च्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, ते नोकरीआधीच झालेले असायला हवेत. अकरा दिवसांची मुलगी सुई टोचल्याचं सांगायलाच घाबरते, कारण सांगितलं की ‘हातात स्किल नाही’ असा शेरा बसतो.

औषधांची गोष्ट आणखी बारीक. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडं दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजा वेगळ्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. रात्री दोनला नारिंगी सिरिंज संपली, म्हणून शंभरचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजेत वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाच्या अंगात वीसऐवजी पन्नास युनिट जातात. साखर उतरून तो झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो, आणि मजल्यावर बाकी सगळे झोपलेले असल्यानं त्याची झोप कुणाला वेगळी दिसत नाही. पोटॅशियम क्लोराईडची, वॉर्डाच्या भाषेत केसीएलची, काचेची कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसते. ते औषध सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं. सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. म्हणून ते वॉर्डाच्या ट्रॉलीत ठेवूच नये असं जगभर सांगितलं जातं. चूक नर्सच्या हातून होते, पण चुकीची जागा आधी कुणीतरी तयार करून ठेवलेली असते.

भाषेचाही एक पेच इथं आहे, तो पुण्या-मुंबईच्या लेखांत कधी येत नाही. मिरज जंक्शनवर उतरणारे निम्मे रुग्ण अथणी, चिकोडी, जमखंडी, विजापूरकडचे असावेत असं ओपीडीत बसल्यावर वाटतं. सांगली जिल्ह्यातल्याच जत तालुक्यात कित्येक गावं घरी कानडी बोलतात. कोरेगावची किंवा पाटणची मुलगी इथं येते तेव्हा तिला कानडीचा गंध नसतो. पहिले दोन शब्द ती शिकते ते ‘नीरू’ आणि ‘नोवू’, पाणी आणि दुखणं. कुठं दुखतं, कधीपासून, कसं, हे पुढचं सगळं हातवाऱ्यांवर आणि मावशींच्या भाषांतरावर. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. त्या रात्री आमच्या मजल्यावर खऱ्या अर्थानं अनुभवी कोण असेल तर त्या मावशीच होत्या, आणि नव्या सिस्टरला त्यांच्याकडूनच सगळं विचारावं लागत होतं, तेही डॉक्टरांच्या कानावर जाऊ न देता.

*

अमेरिकेत मार्लिन क्रेमर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९७४ मध्ये ‘रिॲलिटी शॉक’ नावाचं पुस्तक लिहिलं. नर्सेस नर्सिंग का सोडतात, याचा शोध त्यात आहे. शाळेनं शिकवलेली मूल्यं आणि हॉस्पिटलनं मागितलेली चपळाई यांची टक्कर होते आणि नवी मुलगी त्यात चिरडली जाते, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी दुसरी बाजू मांडली. नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या नर्स चढत जाते, आणि त्यांतली तिसरी, म्हणजे कामाचा स्वतः अंदाज बांधून ते पेलण्याची पायरी, गाठायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं जावी लागतात.

हे दोन्ही आपल्याकडं लावून बघा. जिथं बाँड वर्षाचा असतो आणि बाँड संपला की मुलगी पुण्याला, मुंबईला किंवा सरकारी परीक्षेच्या क्लासला जाते, तिथं त्या वॉर्डात तिसऱ्या पायरीवरचं माणूस कधीच तयार होत नाही. अण्णांना सहा आठवड्यांनी दाखवायला नेलं तेव्हा ती मुलगी तिथंच होती. मला ओळखून हसली. तिच्यामागं आणखी एक मुलगी वही घेऊन उभी होती. आठवडाभरापूर्वी लागलेली. तिला शिकवायचं काम आता हिच्याकडं होतं.

पुण्याला जाणाऱ्या मुलींना कुणी दोष देऊ नये. हिशेब सोपा आहे. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. आणि खाजगीतल्यांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं आणि त्या समितीनं त्याच वर्षी शिफारस केली, ती अशी : २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयानं सरकारइतकाच पगार द्यावा, १०० च्या वर खाटा असतील तर सरकारपेक्षा १० टक्क्यांहून कमी नको, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांहून कमी नको, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलनं, म्हणजे मिरजेच्या गल्लीत असतात तसल्या, महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत. केंद्रानं ही शिफारस राज्यांकडं पाठवली. शिफारसच ती. कायदा नव्हे. कुणी पाळली नाही म्हणून इथं कुणाला नोटीस जात नाही.

अण्णांच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी ओळ होती. दिवसाचे ५०० रुपये, आठ दिवसांचे ४,०००. सगळ्या एकोणीस खाटा भरलेल्या असतील तर एका मजल्याचे महिन्याला २,८५,००० होतात. मी डॉक्टर मंडळींचे खर्च जाणतो, ऑक्सिजन, जनरेटर, बँकेचे हप्ते, विम्याचे अडकलेले पैसे. लहान हॉस्पिटल चालवणं हा सोन्याचा धंदा नाही, हे मला मान्य आहे. पण नर्सिंगच्या नावानं घेतलेला पैसा जनरेटरला जात असेल तर बिलात तसं लिहावं.

कायदे आपल्याकडं कमी नाहीत. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, आणि पात्र परिचारिकांचं प्रमाण पुरेसं नसेल तर हॉस्पिटलची नोंदणी नाकारता येते, हे त्यात तेव्हापासून आहे. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लावली. वॉर्डात मारहाण झाली तर २०१० चा कायदा आहे, त्यात डॉक्टरांबरोबर नर्सेसही येतात, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला कुठलाच कायदा परवानगी देत नाही. पण ज्या मुलीच्या हातात नेमणुकीचं पत्रच नाही, तिनं हे कायदे कुठल्या कागदाच्या आधारानं वापरायचे?

आणखी एक पेच यातच गुंतलेला आहे. सहा महिन्यांचा कुठलातरी कोर्स केलेल्या मुली लहान हॉस्पिटलांत नर्सचाच गणवेश घालून काम करतात. रुग्णाच्या दृष्टीनं दोघी सिस्टरच. मालकाच्या दृष्टीनं रजिस्टर्ड मुलगी परवडत नाही, कारण शेजारी तिच्या निम्म्यात दुसरी मिळते. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायला जी मेहनत, पैसा आणि वर्षं गेली, त्यांची किंमत अशी पहिल्या दिवशीच उतरते.

*

लहान हॉस्पिटलाचं एक टोक सांगली जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथं ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. बेकायदा गर्भपाताच्या त्या प्रकरणानं सगळा महाराष्ट्र हादरला, आणि डॉक्टर, एजंट, सोनोग्राफीची यंत्रं यांची चर्चा महिनोन्‌महिने झाली. मला त्यावेळी आणि नंतरही एक प्रश्न पडत राहिला. अशा एखाद्या ठिकाणी बावीस वर्षांची, बाँडमध्ये अडकलेली, प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात असलेली मुलगी लागली, आणि तिला पहिल्याच महिन्यात काहीतरी वावगं दिसलं, तर तिनं कुणाला सांगायचं? कॉलेजात तिला गर्भपाताच्या कायद्याची कलमं पाठ करून घेतलेली असतात. पण फोन कुणाला लावायचा आणि लावल्यावर संध्याकाळी राहायचं कुठं, हे अभ्यासक्रमात नाही.

सरकारी दवाखान्यात तरी काय? साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय इथल्या नव्या नर्सला पगार बरा मिळतो, पण तिथं पोचायलाच वर्षं जातात. जाहिरात निघते, परीक्षा होते, निकाल अडतो, कोर्टात जातो. तोवर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं कंत्राट, अकरा-अकरा महिन्यांचं. साताऱ्यात २०२१ मध्ये नवं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, कऱ्हाडला कृष्णा हॉस्पिटल आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं, आणि दोन्हींची स्वतःची नर्सिंग कॉलेजं आहेत. दरवर्षी इथं मुली तयार होतात. खाटाही वाढतात. कायमच्या जागा मात्र त्या मानानं वाढत नाहीत. मे २०२२ च्या अखेरीस राज्यभरच्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्य संस्थेमार्फत भरतीच्या विरोधात. २०२५ च्या जुलैत पुन्हा गेल्या, तेव्हाही मागण्यांत कंत्राटी भरतीचा विरोध होताच. संपाच्या बातमीत ‘रुग्णांचे हाल’ हा मथळा ठरलेला असतो. संप नसतो त्या रात्रींच्या हालांना मथळा नसतो, इतकाच फरक.

कोविडचा काळ आठवतो. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरातल्या एका कुटुंबात परदेशातून आलेल्या चौघांना संसर्ग निघाला आणि पाहता पाहता आकडा पंचवीसच्या आसपास गेला. राज्याचं लक्ष सांगलीकडं लागलं. ते रुग्ण मिरजेच्या सरकारी रुग्णालयात ठेवले गेले आणि बरे होऊन घरी गेले. पुढच्या दोन लाटांत नव्या नर्सेस तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर भरल्या. त्यांच्यावर फुलं उधळली, थाळ्या वाजवल्या. लाट ओसरली आणि ऑर्डर संपल्या. त्याच दोन वर्षांत कॉलेजात असलेल्या मुलींनी कित्येक प्रोसिजर मोबाईलच्या पडद्यावर पाहिल्या आणि पहिला खरा रुग्ण नोकरीतच पाहिला.

ब्रदरांबद्दल चार ओळी तरी लिहायला हव्यात. नर्सिंग शिकून आलेल्या मुलाला वॉर्डात पहिल्या दिवशी ‘ए वॉर्डबॉय’ अशी हाक ऐकायला मिळते, बायकांच्या वॉर्डात त्याला जाता येत नाही, आणि स्ट्रेचर ढकलायला माणूस नसला की नजर त्याच्याकडंच जाते. सरकारी भरतीत त्याच्या वाट्याच्या जागा मोजक्या. त्यामुळं आखाताची वाट त्यानं मुलींच्या आधी शोधली, असं मला दिसतं.

बाहेरची ती वाट आता रुंद होते आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेत नर्सिंगच्या मुली जर्मनचे धडे गिरवताना दिसल्या तर नवल वाटायला नको. कानडीचे दोन शब्द जमवताना दमछाक झालेली मुलगी जर्मन शिकते, कारण जर्मनच्या पलीकडं नेमणुकीचं पत्र आहे. जर्मनी आपल्याकडून कुणाला मागते? तिसऱ्या पायरीच्या जवळ आलेल्या मुलीला. पहिल्या दोन पायऱ्यांवरची ठेचकाळणी आपल्या अण्णांच्या हातावर होते, आणि मुरत आलेला हात श्टुटगार्टला जातो. त्या मुलीचं भलंच होवो. पण आपण काय केलं हा हिशेब आपलाच आहे.

करायचं काय हेही फार अवघड नाही. पहिले तीन महिने नव्या मुलीला मोजणीत धरायचं नाही, मुरलेल्या सिस्टरबरोबर जोडीनं ठेवायचं. पहिला महिना नाईट नाही. शिकाऊ म्हणून पगार कमी द्यायचा असेल तर कामही शिकाऊचंच द्यायचं, आणि स्टाफचं काम द्यायचं असेल तर स्टाफचा पगार. केसीएल कुलपात. सुयांचा डबा ट्रॉलीवर. प्रमाणपत्रं मुलीच्या पिशवीत. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींना पैसे पडत नाहीत.

अण्णा आता बरे आहेत. डाव्या हातावरचा निळा डाग महिनाभर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो कौतुकानं दाखवायचे आणि ‘पोरीनं तिसऱ्यांदा बरोब्बर गाठली’ म्हणायचे.

वाचकांना एकच विनंती. घरातल्या कुणाला हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली, की आपण काउंटरवर विचारतो : डॉक्टर कोण, खोलीचं भाडं किती, कॅशलेस आहे का. त्यात आणखी एक प्रश्न घाला. ‘रात्री या मजल्यावर किती सिस्टर असतात, आणि त्यांतल्या किती रजिस्टर्ड आहेत?’ उत्तर द्यायला काउंटरवरचा माणूस किती वेळ घेतो, तेवढं घड्याळात बघा.